नुसता भिजलेला माणूस

चर्चमध्ये ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा, त्यांचे पांढरे झगे टेलर मास्तर शिवायचे. झगा पाण्यात फुगून वर येऊ नये म्हणून घेराच्या दुमडीत शिशाचे तुकडे घालायची युक्ती त्यांचीच. कितीतरी माणसं त्या झग्यांत चर्चमधल्या टाकीत पाण्याखाली गेली आणि डोळे पुसत वर आली. पाळकसाहेब गमतीने म्हणायचे, "अर्धं काम मास्तरांचं, उरलेलं माझं."

मास्तर हसून वेळ मारून नेत. ते स्वतः त्या टाकीत उतरले होते ते लग्नासाठी. सासऱ्यांची अटच होती : आधी बाप्तिस्मा, मग मुलगी. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मास्तरांनी हो म्हटलं, नाक दाबून बुडी घेतली आणि लग्न पदरात पाडून घेतलं. पुढे आयुष्यभर दर रविवारी बायकोच्या शेजारी बसून त्यांनी फक्त ओठ हलवले. कुणाला शंका आली नाही.

आता बायको अंथरुणाला खिळली होती. आजार हाडांत शिरला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. वेदना थांबवायची गोळी दुपारपर्यंतसुद्धा पुरत नव्हती. त्या सकाळी तिने एकच गोष्ट मागितली.

"अहो, माझ्यासाठी प्रार्थना करा. मोठ्याने. पुस्तकातली नको, तुमच्या शब्दांत."

दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय, असं काहीतरी पुटपुटत मास्तर उठले.

दारात मेहुणी उभी होती. "जा भावोजी, जा. तिकडे कुणाची तरी पँट मरायला टेकली असेल."

ते दुकानात गेलेच नाहीत, तडक चर्चमध्ये गेले. पाळकसाहेब वेदीसमोर टाकीवर टाकलेल्या फळ्या काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रिकाम्या टाकीतलं शेवाळ घासत होते.

"साहेब, माझा बाप्तिस्मा परत करा. आज, आत्ता."

"का हो मास्तर? पहिल्याचा रंग गेला?"

"पहिला झालाच नव्हता. तेव्हा मी नुसता भिजलो होतो. मनात देव नव्हता, मुलगी होती."

पाळकसाहेबांनी ब्रश खाली ठेवला. "मग आता विश्वास बसलाय?"

"नाही. म्हणून तर आलो! नीट केलात तर बसेल ना? ती प्रार्थना मागतेय, साहेब. तिच्याजवळ आता वेळ नाही. खोटी केली तर तिला कळेल. आणि खरं सांगितलं तर मरताना तिला समजेल, की आपण सारा जन्म एका लबाडाशेजारी बसलो."

"शिवण उसवली तर तुम्ही वरून इस्त्री फिरवून देता का?"

"नाही."

"मग मला तसलं काम सांगू नका. इथे नळाचं पाणी असतं, मास्तर. ज्याने मनातून स्वतःला देवाच्या हवाली केलंय, तो ते चारचौघांत कबूल करायला इथे उतरतो. तुम्हाला मी कितीही वेळा बुडवलं तरी फार तर सर्दी होईल."

"मग मी करू काय?" मास्तर जवळजवळ ओरडलेच. "देवाला काय सांगू? तू आहेस की नाहीस तेच मला ठाऊक नाही, असं?"

"तेच सांगा. पण त्याआधी तिला सांगा."

घरी ती जागीच होती. चादर मुठीत घट्ट आवळलेली. मास्तर पलंगाच्या कडेला टेकले आणि सगळं एका दमात बोलून मोकळे झाले. तिच्या वडिलांना फसवलं. तिलाही फसवलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पाण्यातून वर आलं की माणसं डोळे मिटतात, नाहीतर रडतात. तुम्ही बाकांवर मला शोधत होतात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"देवाशी रोज बोलले. तुमच्याशी बोलले असते तर तुम्ही आणखी चांगलं नाटक केलं असतं."

तिला हसू आलं, पण ते मध्येच कळ येऊन तुटलं. तिने त्यांचा हात पकडला. नखं रुतली.

"आता तरी करा."

"माझा विश्वास नाही गं."

"माझा आहे. पण आज तो मला पुरत नाहीये."

हे मात्र मास्तरांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा धीर सुटला. डोळे मिटायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

"तू आहेस का ते मला माहीत नाही," ते छताकडे बघत म्हणाले. "असलास तर हिच्याकडे बघ. माझ्याकडे नको बघूस, मी खोटा आहे. हिने तुझं सगळं केलंय. हिला दुखू देऊ नकोस रे बाबा. ऐकतोयस का?"

कळ थांबली नाही. तिने ओठ चावला. मेहुणी पाण्याचा पेला घेऊन दारातच थबकली होती.

मास्तरांनी बायकोचा हात दोन्ही हातांत धरला आणि तेच पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने.