मामंजींचे दगड

माझे सासरे, म्हणजे मामंजी, लांब मध्य प्रांतातल्या एका खाणीवर स्टोअरकीपर होते. स्वातंत्र्य मिळालं, साहेबलोक गाशा गुंडाळून गेले, खाण बंद पडली आणि मामंजी नौपाड्यातल्या आमच्या तीन खोल्यांत कायमचे राहायला आले. येताना लोक पेढे-बर्फी आणतात. मामंजींनी ट्रंकभर दगड आणले. ट्रंक उतरवताना हमालाने कुणाकुणाचा उद्धार केला तो मी दारातून ऐकला आणि मनातल्या मनात त्याला दुजोरा दिला.

दगड दिसायला मात्र देखणे. काळसर, हातात घेतले तर भलतेच जड, आणि उन्हात धरले की लख्ख चकाकायचे. मामंजींच्या मते त्यांत रेडियम होतं. का, तर चकाकतात म्हणून! त्या दिवसांत लोकांना रेडियमचं भारी वेड. घड्याळाच्या काट्यांत रेडियम, वज्रेश्वरीच्या गरम कुंडांत रेडियम. गुडघे धरले म्हणून वज्रेश्वरीपर्यंत एसटीचे धक्के खायचे कशाला, कुंड घरातच करू, असं मामंजींनी ठरवलं.

पुरावा म्हणून ते खाणीची गोष्ट सांगायचे. काम थांबलेल्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं, निळंशार, तळ दिसावा इतकं नितळ. त्यात शेवाळ नाही, बेडूक नाही, डासाची अळीसुद्धा नाही, हे सांगताना त्यांची छाती फुगायची. जिथे बेडूक जगत नाही ते पाणी माणसाला अमृत, हे शास्त्र शेजारचे दोन पदवीधर मान डोलावून ऐकायचे. तिथल्या पाड्यांवरची माणसं तेच पाणी प्यायची आणि तिशीतच वाकायची, हेही मामंजीच सांगायचे. पण त्यांचं सोडा, ती अडाणी माणसं, खाण्यापिण्याचे हाल!

आधी त्यांनी दगड साध्या पाण्यात घातला. चव बदलेना. मग अर्क उतरावा म्हणून पाण्यात आमसुलं टाकली. आंबट पितळेत कळकतं म्हणून माझी लोणच्याची चिनी मातीची बरणी घेतली. म्हणजे बघा, पितळेची भीती होती, दगडाची नव्हती. रोज सकाळी आळीतले चार-पाच पेन्शनर फुलपात्रं घेऊन ओसरीवर हजर. दारूबंदीचे दिवस होते, त्यामुळे रस्त्याने जाणारा आमच्या दारापाशी थांबून जरा हुंगायचाच.

घरातही प्रत्येकाला प्रसाद होता. माझी मुलगी अडीच वर्षांची. तिला वाटीभर, साखर घालून. मामंजींच्या हातून ती घेत नसे, म्हणून मी पाजायची. मी एकदा ह्यांच्या कानावर घातलं, तर बाबा म्हणताहेत तर असेल काहीतरी, असं म्हणून हे ऑफिसला निघून गेले. निसटायला ह्यांच्या हाती ऑफिसचा डबा होता, तो मोठा आधार.

चार-पाच महिन्यांत मुलगी पांढरीफटक पडली. पोट धरून रडायची, घास तोंडात घेईना. दिवसभर घर डोक्यावर घेणारी पोर भिंतीला टेकून बसून राहायला लागली. आळीतल्या बायकांनी जंत काढले, दृष्ट काढली, दातांना दोष दिला. मामंजींनी वाटीच्या दोन वाट्या केल्या. आणि मी पाजल्या. सुनेने उलट बोलू नये एवढं एकच शहाणपण मी माहेरून घेऊन आले होते. आजही स्वतःला झोडावंसं वाटतं.

एका सकाळी तिला आकडी आली. तिला पदरात गुंडाळून मी टांग्यात बसले. मामंजीही आले, आणि येताना डॉक्टरांना दाखवायला एक दगड घेऊन आले, कौतुकाने. डॉक्टरांनी मुलीचा ओठ वर केला. हिरड्यांच्या कडेने निळसर काळी रेघ होती. त्यांनी दगड हातात तोलून पाहिला आणि हे शिसं आहे, अंगात भिनलं की हिरडीवर अशी रेघ येते, म्हणाले. रेडियम नाही, आणि असतं तरी पेढे वाटण्याजोगं काही नव्हतं. मग त्यांनी मामंजींना तोंड उघडायला लावलं. तीच रेघ तिथेही होती.

तरी मामंजी हटेनात. इतकी वर्षं खाणीवर काढली, मला काही झालं का, म्हणून वाद घालायला लागले. तेव्हा मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघून बोलले.

"मामंजी, तिथले साहेब हे पाणी प्यायचे का हो?"

मामंजींनी डॉक्टरांच्या हातातून दगड परत घेतला.

"साहेबांचं पाणी रेल्वेने यायचं," ते म्हणाले. "पिंपांतून."

"आणि मागवायचं कोण?"

"मीच. दर आठवड्याला."

आळीतल्या पेन्शनरांना ते पाणी सोडा म्हणून मामंजींनी स्वतः घरोघर जाऊन सांगितलं. मुलगी वाचली. पण पुन्हा पळायला तिला वर्ष लागलं, आणि पुढे शाळेत पाढे म्हणताना ती अडायची. ते मूळचं की त्या वाटीचं, हे मला कुणी सांगू शकलं नाही.

साहेबांना आम्ही घरात बसून भरपूर शिव्या घातल्या. माहीत असून गरिबांना ते पाणी पिऊ दिलं, माणसं की राक्षस, वगैरे. आणि त्याच आठवड्यात ह्यांनी ती ट्रंक हातगाडीवर घालून ठाण्याच्या खाडीत नेऊन रिकामी केली. मला हायसं वाटलं. आमच्या घरात मासळी येत नव्हती.

आळीच्या तोंडाशी एक कोळीण खाडीची ताजी मासळी घेऊन बसायची. मी मुलीला घेऊन जाताना दिसले की टोपली बाजूला सारून विचारायची, बरी हाय का गो पोर आता? मी म्हणायची, हो, बरी आहे. एवढंच बोलायची आणि पुढे जायची.