टीव्हीवाल्यांच्या आवारातली सुलोबाय

आमोण्याच्या वरच्या अंगाला, मांडवीकडे तोंड करून टीव्हीवाल्यांची तीन मजली इमारत उभी आहे. पणजीत जागा मिळेना म्हणून कंपनीने आपलं मुख्य कार्यालय इथे आणलं. बातम्या, जत्रा, भजनं, पुढाऱ्यांची भांडणं, सगळं इथे तयार होतं आणि मागच्या अंगणातल्या भल्यामोठ्या डिशीतून आभाळात जातं. गावात त्या इमारतीला कोणी कार्यालय म्हणत नाही. डिश म्हणतात. "डिशीकडे देवय" म्हटलं की बसवाला बरोबर तिथे उतरवतो.

ही इमारत सुलोबाय झाडायची. पण ती कामाला लागली इमारतीत, आणि त्या जमिनीवर आली होती इमारतीच्या कितीतरी आधी.

सुलोचना तिचं नाव, माहेर-सासर दोन्ही दोडामार्गाकडचं. नवरा रघुनाथ सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायला आला, मागोमाग ती आली. आमोण्याच्या म्हाताऱ्या भाटकाराने आपल्या काजूच्या बागेत त्यांना खोप घालायला जागा दिली. रात्री काजूंची राखण करायची आणि दिवसा आपापलं काम बघायचं, एवढाच करार. मूलबाळ झालं नाही. रघुनाथ अंगाने दांडगा, बोलायला कमी. संध्याकाळी लाल धुळीने माखून यायचा, विहिरीवर दोन कळशा अंगावर ओतायचा आणि पेज पिऊन निजायचा. एका साली त्याला कावीळ झाली. झाडपाल्याचं औषध झालं, म्हापशाचा दाक्तर झाला, आणि तो गेला.

तेव्हा गावात सगळ्यांचं मिळून असं मसण नव्हतं. ज्या त्या वाड्याचं वेगळं, तिथल्या घराण्यांच्या मालकीचं. सुलोबायने एका वाड्यावर माणूस पाठवला. तिथले म्हणाले, आमच्यात भायल्याचं मडं घेत नाहीत. दुसऱ्या वाड्याने पहिल्याकडे बोट दाखवलं. त्यात कोणाचा रघुनाथवर राग होता असं नाही. त्यातलेच दोघे त्याच्या ट्रकात बसून रोज खाणीवर जायचे. रीत म्हणजे रीत, तिच्यापुढे त्यांनाही काही सुचलं नाही. सकाळी गेलेला माणूस ऊन उतरलं तरी खोपीत पडून होता. शेवटी भाटकार काठी टेकत आला आणि बागेच्या कोपऱ्याकडे हात करून म्हणाला, थय जाळा, कोण विचारता बघया.

तसं त्याला तिथे जाळलं. बाराव्याला सुलोबायने त्या जागी माडाचं रोप लावलं. तिच्या सासरच्या घराण्यात जळल्या जागेवर माड लावतात. विहिरीवरून पाणी आणून तिने तो वाढवला. पहिला नारळ तिने गावच्या सातेरीदेवीला ठेवला, पुढचे शेजारीपाजारी वाटले. स्वतः मात्र त्या माडाचं खोबरं कधी तोंडात घातलं नाही. का असं कोणी विचारलं तर म्हणायची, माज्या दातांक सोसना नाय.

भाटकार गेला. त्याची मुलं मुंबईला आणि त्याहून लांब. त्यांनी बाग विकली आणि टीव्हीवाले आले. सुलोबायला रस्त्याकडेला एक खोली मिळाली आणि इमारतीत झाडू मिळाला. हे सगळं जमवून आणलं जयरामने. हा जयराम कंपनीचा कारभारी, पेडण्याकडचा, मोरजीचा. चाळिशीचा, बोलायला गोड, सगळ्यांना सांभाळून घेणारा. बांधकामात त्याने तो माड राखला. कुंपणाची भिंत बाहेरून वळवून घेतली. सुलोबाय त्याला जयरामबाब म्हणायची आणि इतरांना नावाने हाक मारायची. बातम्या देणारी एखादी पोर तोंडाला रंग लावून बसली की ही दारात झाडू घेऊन उभी राहायची. म्हणायची, "इतक्या लोकांची मरणां सांगतंस गे, सकाळपासून काय खाल्लंस काय?" आणि पदेराकडून घेतलेला पाव तिच्या हातात द्यायची.

कंपनी वाढली तशी मोठी डिश आली. पहिली छोटी होती, ती गच्चीवर मावली. ही नवी ट्रकावरून आली, क्रेनने उतरवली. मागच्या अंगणात तिच्यासाठी जागा ठरली, कारण तिथेच खाली कातळ लागत होता. इंजिनेराने दिशा बघितली, डोळा बारीक करून वर बघितलं आणि म्हणाला, हे झाड बरोबर समोर येतंय. डिश तरी ठेवा, नाहीतर झाड तरी. शेंडा मारून भागेल का, असं त्याने विचारलं नाही, कारण तोही माडांच्याच मुलखातला, केरळचा होता. माडाचा शेंडा मारणं म्हणजे मान मारणं, हे त्याला आणि जयरामला दोघांनाही माहीत होतं.

जयराम खाली स्वयंपाकाच्या खोलीत गेला. सुलोबाय चहाचे कप धूत होती. त्याने कदेल ओढलं, बसला आणि सगळं सांगितलं. तिने कप धुऊन पालथे घातले, पदराला हात पुसले.

"माडाचा काय," ती म्हणाली, "माड आज ना उद्या पडतलोच. माका जागा होयी."

"खंयची जागा?"

"तेच्या बाजूची. मी मेलंय काय माका थय जाळा."

जयराम हसला. "सुलोबाय, ह्या टीव्हीचा केंद्र असा. मसण न्हय."

"मसण न्हय म्हणानच मागतंय. मसणात माका घेवचे नायत."

जयराम हो म्हणाला. डिश अंगणात ताडपत्रीखाली पडून होती, वरून रोज फोन येत होते. शिवाय त्याने मनात धरलं होतं की म्हातारपणी ही दोडामार्गला भाच्याकडे जाईल आणि तिकडेच डोळे मिटेल. समाधानासाठी दिलेला शब्द आहे, असं तो धरून चालला. इथेच तो चुकला. सुलोबायला समाधान नको होतं.

माड कापायला सगुण पाडेली आला. नारळ पाडणं त्याचा धंदा, पण कापायचा असला तरी त्यालाच बोलावतात. तिने त्याला आधी वर चढवून एक नारळ उतरवायला लावला. तो घेऊन ती जयरामसमोर आली, सातेरीच्या देवळाच्या दिशेला तोंड करून उभी राहिली आणि नारळ पुढे धरला. जयरामला टाळता आलं नाही. कामगार बघत होते, सगुण बघत होता. त्याने नारळावर हात ठेवला आणि शब्द दिला.

आमच्याकडे अशा नारळाची एक रीत आहे. ज्याने शब्द दिला त्याने तो नारळ आपल्याकडे ठेवायचा. शब्द पुरा होईपर्यंत फोडायचा नाही, टाकायचा नाही. मध्येच शब्द दुसऱ्यावर सोपवायचा असेल, किंवा कोणी म्हणत असेल की तुझा शब्द मी मोडतो, तर त्या दुसऱ्याने तो नारळ हातात उचलायचा. उचलला की भार त्याचा. जयरामने तो आपल्या खोलीत कपाटावर ठेवला.

सुलोबायने माडाच्या बुंध्यावर हात ठेवून माफी मागितली. मग सगुणने कोयता बाजूला ठेवून कुऱ्हाड घेतली, आणि सुलोबाय आत जाऊन दुसऱ्या मजल्याची लादी पुसायला लागली. माड पडल्याचा आवाज वर ऐकू गेला. ती पुसत राहिली.

पुढची वर्षं तशीच गेली. खाणी बंद पडल्या, ट्रक दारादारांत गंजले, आणि त्यांच्या बातम्याही ह्याच डिशीतून गेल्या. गावही बदललं. पंचायतीने नदीकडेला सगळ्यांसाठी एकच स्मशान बांधलं, वर पत्रे, बसायला बाकं, कोणाला मज्जाव नाही. सुलोबाय अंथरुणाला खिळली तेव्हा सरपंच तिच्या खोलीवर गेला. चांगल्या मनाने गेला, उगाच का बोला. म्हणाला, आता कोणी आडवचो नाय गे, तू आमचीच.

ती म्हणाली, "ता बरा केल्यात. जेंका कोण नाय तेंका उपेगी पडात. माजो थय एकटो असा." आणि कुशीवर वळली. सरपंच उठला.

गणपतीची चवथ होऊन पंधरवडा झाला असेल. सकाळी जयरामला सुलोबाय गेल्याचा निरोप आला. त्याच दिवशी कंपनीचा शेट इमारतीत होता. हा मूळ डिचोलीच्या मोठ्या घरचा, शिकलेला परदेशात, वावरलेला मुंबईत. जयरामने त्याला सगळं सांगितलं. शेट ऐकून घेणारा माणूस होता, ओरडला नाही. त्याने एकेक अडचण सांगितली. दुपारी जाहिरातवाले येणार होते. आवारात मडं जाळणं कायद्यात कुठे बसतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि डिशीची केबल बरोबर त्याच जमिनीखालून आत जाते, वर चिता पेटली तर प्रसारण बंद ठेवावं लागेल. लाकडं आपण देऊ, तो म्हणाला, गाडी देऊ, बातमीत तिचा फोटो दाखवू, सगळे जण स्मशानात जाऊ. ह्यापेक्षा जास्त कोण करतं?

ह्यातलं काहीच खोटं नव्हतं. जयराम उठून आपल्या खोलीत गेला आणि नारळ घेऊन आला. आतलं पाणी केव्हाच आटलं होतं, गोटा होऊन तो हातात खुळखुळत होता. त्याने तो मेजावर शेटच्या पुढ्यात ठेवला.

"शेट, हेच्यार हात ठेवन मी शब्द दिलंय. तुमी नको म्हणतात तर तुमी उचला. मगे मी काय बोलचंय नाय."

शेटने नारळाकडे बघितलं. त्याचा उजवा हात मेजावर होता. तो त्याने हळूच ओढून घेतला आणि मांडीवर ठेवला. पंखा फिरत होता. डिचोलीच्या घरात लहानपणी त्याने काय बघितलं होतं, काय ऐकलं होतं, ते त्याचं त्याला माहीत. मेजावरचा नारळ त्याने उचलला नाही, हातानं बाजूलाही सारला नाही.

"पंचायत काय म्हणतली?" त्याने विचारलं. इतका वेळ तो जयरामशी इंग्रजीत बोलत होता.

"सरपंच भायर उबो असा. तो बगून घेतलो म्हणता."

"केबल?"

जयरामने नारळ तिथेच राहू दिला. शेटने इंजिनेराला बोलावलं आणि प्रसारण बंद करायला सांगितलं. किती वेळ, असं इंजिनेराने विचारलं. शेट म्हणाला, ते जयरामला विचार.

भाचा दोडामार्गहून आला. पुढचा दरवाजा उघडा ठेवला होता. मयत त्याच वाटेने आत आली. बातम्या देणाऱ्या पोरी रंगवलेल्या तोंडांनीच खाली उतरल्या. त्या वाड्यांतली माणसंही आली, ज्यांच्या बापांनी रघुनाथला मसणात घेतलं नव्हतं, आणि लाकडं रचायला त्यांनीच हात लावला. कोणी जुनं काही काढलं नाही. जयरामने नारळ चितेवर ठेवला. भाच्याने अग्नी दिला. डिश तिथेच शेजारी आभाळाकडे बघत मुकी उभी होती.

डिचोलीपासून पेडण्यापर्यंत घराघरांत टीव्हीचा पडदा निळा झाला. फोन वाजायला लागले. फोनवरच्या मुलीला सांगून ठेवलं होतं की यंत्रात बिघाड म्हण. पहिल्या दोघांना तिने तसं सांगितलं. तिसऱ्याला म्हणाली, "आमच्या हय मयत असा."

पलीकडून फोन ठेवला गेला. गावात मडं उचलेपर्यंत शेजारची चूल पेटत नाही, ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या सगळ्यांना तिने तेच सांगितलं. कोण गेलं असं काहींनी विचारलं. सुलोबाय, ती म्हणाली, हय झाडायची. कधी लावतलात असं मात्र एकानेही विचारलं नाही.

जाहिरातवाले दरवाजाशी आले. शेट स्वतः खाली गेला आणि त्यांना गाडीतच बसवून ठेवलं. मग भिंतीला लागून, बूट काढून, लोकांच्या मागे उभा राहिला.

ऊन कलतं झालं. इंजिनेर दोनदा दारात येऊन बघून गेला. जयराम हलला नाही. विस्तव खाली बसल्यावर भाच्याने चितेभोवती पाण्याची धार धरली, मडकं मागे टाकून फोडलं आणि वळून न बघता दरवाजाबाहेर गेला. त्याच्यामागून गाव गेलं.

तेव्हा जयराम आत आला, पाय धुतले, आणि इंजिनेराला म्हणाला, "आता लाय."