अ‍ॅक्सलवरचा शेंदूर

त्या पंधरवड्यात माझा देवावरचा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही, पण मी त्याच्यावर रागावलो होतो हे खरं. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका धर्मादाय दवाखान्याची जीप मी चालवायचो. जीप जुनी, लष्कराच्या लिलावातली, आणि तिचा मागचा डावा ब्रेक धरत नव्हता. चाकाच्या आत डब्यासारखा लोखंडी ड्रम असतो. पॅडल दाबलं की आतल्या दोन कमानी फाकून ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. कमानी झिजल्या की मागचा नट फिरवून त्या ड्रमला भिडवायच्या, चाक अडकलं की किंचित सैल सोडायच्या, झालं काम. मी ते डोळे मिटून करत असे. त्या पंधरवड्यात चार वेळा केलं. गाडी थंड असताना ब्रेक उत्तम, दहा-बारा मैल गेलं की डावं चाक धरेना आणि गाडी उजवीकडे ओढायला लागायची. ड्रम उघडावा तर आत अ‍ॅक्सलमधलं, म्हणजे चाकांच्या आसातलं, तेल. तेल अडवणारं सील दोनदा बदललं, तर नवंही गळायला लागलं. दुसऱ्या कुणा मिस्त्रीला विचारावं, तर ते माझ्या स्वभावात बसत नव्हतं. मी हेकट माणूस.

रागाचं कारण मात्र ब्रेक नव्हता. आमची दोन मुलं जन्मायच्या आतच गेली होती. तिसऱ्या खेपेला बायकोला आठवा महिना लागला होता आणि ती सीना नदीपलीकडे माहेरी होती. एका सकाळी त्या गावचा एक माणूस एसटीनं आला आणि सासूबाईंची चिठ्ठी हातात देऊन बाजाराला निघून गेला. चिठ्ठीत एवढंच होतं : पोरीला पहाटेपासून रक्त जातंय, जावईबापूंनी गाडी घेऊन यावं. डॉक्टरसाहेबांनी लगेच जीप न्यायला सांगितली, सोबत सिस्टरही दिल्या. निघताना त्यांनी विचारलं, "ब्रेकचं काय झालं?" मी म्हणालो, "झाला, साहेब." आदल्याच दिवशी चौथ्यांदा जुळवला होता, आणि या वेळी टिकेल अशी नुसती आशा होती. नाही म्हणालो असतो तर गाडी मिळाली नसती. खोटं बोललो, हे मी आजही मान्य करतो.

नदीचं पात्र उन्हाळ्यानं कोरडं होतं, पण त्यात उतरायचा रस्ता चांगलाच तीव्र. अर्ध्या उतारावर पॅडल दाबलं आणि मागचं डावं चाक धरलंच नाही. गाडी फिरली, आडवी होऊन मातीच्या बांधाला जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही. सिस्टर खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "खरं सांगा, ब्रेक झाला होता का?" "नाही," मी म्हणालो. "मग ऐका. या गाडीत मी पेशंट घेऊन बसणार नाही. तुमची बायको असली तरी नाही. ती अशी आपटली तर काही उरायचं नाही." त्यांचं बरोबर होतं. पलीकडच्या काठावर, तीन मैलांवर, माझी बायको माझी वाट बघत होती, आणि मी तिला नेण्याच्या लायकीचा नव्हतो. त्या वेळी देवाला मी मनातल्या मनात जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

जॅक लावून चाक काढलं, ड्रम ओढून काढला. आत पुन्हा तेलच तेल. "दोनदा सील बदललं, तरी गळतंयच," मी मोठ्यानं करवादलो. काठावरच्या लिंबाखाली एक म्हातारा गाठोडं घेऊन बसला होता. मुलीच्या गावाहून बैलगाडी न्यायला येणार होती म्हणे. तो उठून जवळ आला आणि उकिडवा बसून बघायला लागला. कामात कुणी बघत बसलं की माझं डोकं फिरतं. म्हातारा घरी तेलुगू बोलणारा, मराठी सावकाश बोलायचा. गिरणीत बॉयलरवर त्याचा जन्म गेला होता.

"चालल्यावर हे तापतंय न्हवं?" त्यानं अ‍ॅक्सलवर हात ठेवून लगेच काढला.

"तापणारच की."

"मग आतलं वारं कुटनं जातंय?"

"आजोबा, हे बॉयलर न्हाय, जीप हाय," मी तुसड्यासारखा म्हणालो.

त्याला राग आला नाही. म्हणाला, "तापलं की वारं फुगतंय. वाट न्हाय दिली तर मऊ जागा बघून भाईर पडतंय. तू मऊ जागाच बदलायलायस. ह्याचं भोक कुटं हाय ते बघ की."

मऊ जागा म्हणजे सील, कोंडलेली हवा तिथूनच तेल बाहेर ढकलत होती. भोक होतं. अ‍ॅक्सलच्या पाठीवर आतली हवा जाण्यासाठी एक बारीक टोपीवजा नळी असते, हे मला ठाऊक होतं. आणि ती कशानं बुजली असेल हेही त्या क्षणी ठाऊक झालं. दुसरं मूल गेल्यावर मी मारुतीला बोललो होतो की पुढचं जगेपर्यंत दर अमावास्येला गाडीला शेंदूर लावीन. बॉनेटवर लावला तर डॉक्टरसाहेबांनी पुसायला लावला. म्हणाले, दवाखान्याची गाडी आहे, देऊळ नव्हे. मग मी गाडीखाली आडवा पडून, कुणाला दिसणार नाही असा, अ‍ॅक्सलच्या पाठीवर लावायला लागलो. सगळा भार तोच पेलतो, तेव्हा देव तिथंच, असा माझा हिशेब. तेलात कालवलेला शेंदूर, थरावर थर. त्याचं बोटभर जाड कवच झालं होतं आणि त्यावर धूळ बसली होती.

मी गाडीखाली शिरलो. हातात स्क्रूड्रायव्हर होता, पण हात उचलेना. माझ्या मनात ते पोर या शेंदराच्या आधारानं सात महिने टिकलं होतं. पलीकडे बायकोला रक्त जात होतं आणि मी नवसाचा शेंदूर खरवडायला निघालो होतो. मला भीती वाटली, साधीसुधी नव्हे. म्हाताऱ्याला मी काही सांगितलं नव्हतं, पण वाकून तो लाल थर त्यानं पाहिला असावा. तो एवढंच म्हणाला, "खरवड बाबा. त्याला लागत न्हाय." मी डोळे मिटले आणि खरवडलं. नळीत तार घातली तशी फुस्स करून गरम हवा तोंडावर आली.

मग कमानी पेट्रोलनं धुतल्या, पॉलिशपेपरनं घासल्या, ड्रम बसवला, चाक अडकवून किंचित सैल सोडलं. तास गेला. सिस्टरनी स्वतः शेजारी बसून त्या उतारावर तीनदा ब्रेक दाबायला लावला आणि मग मान हलवली. मागं वळून पाहिलं तर म्हाताऱ्याला न्यायला आलेली बैलगाडी चढ चढत होती. त्याचं नाव मी विचारलं नाही. तो कोण होता यावर मला वाद घालायचा नाही. गिरणीतून निवृत्त झालेला माणूस होता, आणि त्या दिवशी तिथं होता.

जाताना आणि बायकोला आणताना दोन्ही उतारांवर ब्रेक सरळ धरला. तिनं वाटेत हळूच विचारलं, "अहो, नवस विसरला न्हाईत न्हवं?" मी म्हणालो, "पडून राहा." सगळं तिला पुढं सांगितलं, त्या दिवशी धीर झाला नाही.

सरकारी दवाखान्यात तिला आत नेलं. मी व्हरांड्यात हात जोडून उभा राहिलो. एरवी मागणं माझ्या ओठांवर तयार असे, त्याच्या बदल्यात काय देईन तेही. त्या दुपारी एकही शब्द सुचेना. देण्यासारखं माझ्याजवळ जे होतं, तेच मी नदीकाठी खरवडून टाकलं होतं. मनात आलं, आता तुझं तू बघ. असं मी पहिल्यांदाच म्हणालो, आणि म्हटल्यावर छाती हलकी झाली, हे मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. तसाच उभा होतो. मग सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मुलगी आहे. बारीक आहे, पण दोघी सुखरूप आहेत." काही मागितलेलंच नव्हतं, त्यामुळे माझा नवस पावला असं म्हणायची सोय नव्हती. दिलं गेलं होतं, एवढंच. मी तिथंच पायरीवर बसलो आणि पोटभर रडलो.