विंगेतून दिलेलं वाक्य

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील संघटनेचं काम करायचे. आमच्या ब्रह्मपुरीच्या दोन खोल्यांत तांदळाच्या डब्याखाली, दिवाणाखाली, खिडकीच्या फटीत, जिकडे पाहावं तिकडे पत्रकं. मागची बाजू कोरी असायची, तिच्यावर मी गणितं सोडवायची. माझं पहिलं पत्रक मी नववीत लिहिलं, शाळेच्या खिचडीतल्या अळ्यांवर. वडिलांनी त्यातली सगळी विशेषणं खोडली आणि म्हणाले, "काय पाहिजे तेवढं लिही." माणूस तोंडानं काय म्हणतो तेच खरं, बाकी सजावट, ही समजूत माझ्यात तेव्हापासून बसली ती कॉलेज संपलं तरी हलली नाही.

या समजुतीच्या जोरावर मी एका नटाचं वाटोळं केलं. त्यांना मी भाऊ म्हणायची, इथेही तेच म्हणेन.

भाऊ वैनगंगेच्या अलीकडच्या एका गावचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. वडिलांबरोबर तलावात जाळं टाकत, पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जात. मासळीची कावड वाहून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेला होता, आणि स्टेजवर उभे राहिले की तो खांदा आधी दिसायचा. गावच्या दंडारीत, तिथल्या लोकनाट्यात, ते नाचत असताना वडशाच्या एका नाटक कंपनीच्या मालकांनी त्यांना पाहिलं. तेव्हापासून धान निघाला की होळीपर्यंत भाऊ नाटकात आणि उरलेलं वर्ष तलावावर, असं चाळीसेक वर्षं चाललं.

आमच्या झाडीपट्टीच्या स्टेजवर वरून माइक लोंबत असतात. नट माइकखाली येतो आणि आवाज फेकतो. समोर हजारोंची गर्दी, फेकावाच लागतो. भाऊ माइकखाली यायचे आणि गप्प राहायचे. आता बोलतील, मग बोलतील, असं वाटता वाटता ऑर्गनवाला अस्वस्थ व्हायचा. मग ते हळू, घरात बोलावं तसं बोलायचे, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं, कारण तोवर कोणी खोकतही नसे. कंपनीतला विनोदी नट म्हणायचा, "हे नट नाई, बसस्टॉप हायेत. इथी सगळ्यायले थांबाच लागते."

एकदा आमच्याकडच्या जंगलात सिनेमाची मंडळी शूटिंगला आली. त्यांनी भाऊंना एका म्हाताऱ्याचा एक प्रसंग दिला. पोलीस ठाण्यात मुलाचा सदरा ओळखायचा आणि "होय" म्हणायचं. ते "होय" यायला इतका वेळ लागला की आमच्या गावच्या टॉकीजमध्ये लोक आधी शिट्ट्या वाजवत होते आणि नंतर वाजवेनासे झाले. पुढे आणखी काही सिनेमे मिळाले. कुठे बाप, कुठे चौकीदार. मुंबईला राहून पाहिलं, पंधरा दिवसांत परत आले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिथी बोलाच्या आधी थांबू देत नाई, बाई. मंग बोलून काय फायदा?"

मी त्या कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून लागले ते बी.ए. झाल्यावर. आज एक गाव, उद्या दुसरं, आणि नाटकंही आलटून पालटून. तालमी होतात दोन-तीन. त्यामुळे विंगेत, पडद्याआड, एक माणूस संहिता मांडीवर घेऊन बसतो आणि वाक्यं देतो. नट ते कानानं घेतो आणि तोंडानं सोडतो. माझं वाचन स्वच्छ होतं, म्हणून मला घेतलं. मी गेले ती मात्र लोकांची रंगभूमी जवळून पाहायला आणि जमलं तर सुधारायला. हे मी तेव्हा बिनदिक्कत असंच म्हणायची.

एका नाटकात भाऊ बापाचं काम करत. मुलगी नवऱ्याचा मार खाऊन पिशवी घेऊन माहेरी येते. तिसऱ्या अंकात बाप तिला म्हणतो, "नवऱ्याचं घर सोडून आलेल्या पोरीला बापाच्या अंगणात जागा नाही. जा." ती जाते आणि शेवटच्या अंकात तिची मयत येते. हे वाक्य द्यायची वेळ आली की मनात यायचं, हजारो बायाबापड्यांसमोर हे मी माझ्या आवाजात पोचवायचं? ते वाक्य आजही मला मान्य नाही. पण मालकांकडे जाऊन भांडायचं मी रोज ठरवायची आणि रोज टाळायची. मालक हसले असते. ते हसणं मला नको होतं.

त्या हिवाळ्यात एका गावी मी कोणाला न विचारता ते वाक्य बदललं. भाऊ माइकखाली आले, थांबले. मी दिलं, "तू परत जायची नाहीस. मारणाऱ्याचं घर ते तुझं घर नाही. हे घर तुझं आहे."

भाऊ काही बोलले नाहीत. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी तेच पुन्हा दिलं, जरा जोरानं, तरी पलीकडच्या नटीपर्यंत पोचणार नाही इतकंच.

मग ते बोलले. शब्दाला शब्द. टाळ्या पडल्या, अशा की माझ्या मांडीवरचा कागद थरथरला. दोन-तीन क्षण मला वाटलं, एका वाक्यानं लोक बदलतात ते हेच.

पुढे काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. मुलीचं काम करणारी नटी जायला वळली होती ती तशीच उभी राहिली. ऑर्गनवाल्यानं काहीतरी वाजवलं. विनोदी नटाला ढकलून आत पाठवलं. पुढचा प्रवेश नवऱ्याच्या घरातला होता आणि त्यात मुलगी हवीच होती. ती दिसताच गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अवं, आत्ताच तं बापानं ठेवून घेतली ना! पुन्हा काऊन गेली?" सगळं मैदान हसलं. ते हसू थांबलंच नाही. शेवटी मयत आली तेव्हाही हसत होते. भाऊ खाली बसले होते, समोर पांढऱ्या चादरीखाली मुलगी होती आणि समोर लोक हसत होते. त्यांच्या कामाला कोणी हसल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नव्हतं.

सकाळी नाटक ठरवणाऱ्या गावच्या मंडळाची माणसं आली आणि मालकांना नको नको ते बोलून गेली. मग मालकांनी आम्हाला सगळ्यांना चहाच्या चुलीपाशी गोळा केलं.

"तू काय दिलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"जे लिहिलंय तेच," मी म्हणाले आणि संहिता पुढे केली. संहितेत जुनंच वाक्य होतं.

मालक भाऊंकडे वळले. भाऊ म्हणाले, "तिले काऊन बोलता? तिच्या हातात कागद हाये. माह्या डोस्क्यात दुसरंच नाटक आलं असन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण संशयानं नाही. मी खोटं बोलू शकेन हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. तिथे, त्या चुलीपाशी, मला बोलायचं होतं. मी चहा संपवला.

त्यानंतर गाडीत भाऊ पुढच्या सीटवर बसून जुन्या नाटकांतली वाक्यं पुटपुटायचे, अडले की पहिल्यापासून. स्टेजवर ते प्रत्येक वाक्याआधी मान विंगेकडे करू लागले. माझा शब्द सुटला की लगेच उचलायचे, जणू हातातून निसटेल. थांबणं गेलं. थांबणं गेलं तसा आवाजही गेला, कारण आता लोक खोकू लागले होते. विनोदी नटानं बसस्टॉपची थट्टा करणं बंद केलं, त्यावरून मला समजलं की सगळ्यांना दिसतंय. होळीच्या आधीच भाऊ म्हणाले, "आता डोस्कं साथ देत नाई. अर्ध्यात नाटक पाडन्यापेक्षा घरी बरं." मालकांनी फार आग्रह केला नाही.

ते गेल्यावर काही दिवसांनी एका गावात आम्ही ज्या घरी जेवलो, त्या घरच्या बाईनं भाऊंची चौकशी केली. मी म्हटलं, आता काम करत नाहीत.

"अरे देवा," ती म्हणाली. "अन् तो बाप? काय केलं होतं त्यायनं! तोंडानं जा जा म्हनत, अन् पोरीच्या पिशवीचा बंद हातातून सोडतच नव्हते. तिनं वढला तं पुन्हा धरला. आमच्या बाया आठ दिस त्या बापाले शिव्या देऊन राह्यल्या होत्या. तुमी तं तिथीच बसून होत्या, तुमाले नाई दिसलं?"

मला नव्हतं दिसलं. मी कागदाकडे पाहत असायची. इतक्या गावांत, इतक्या वेळा, माझ्यापासून दहा हातांवर तो माणूस ते वाक्य खोटं पाडत होता आणि मी खाली मान घालून पुढची ओळ शोधत होते.

हे समजलं तरी मी लगेच गेले नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. आणखी काही महिने गेले. दरम्यान एका सिनेमाचा माणूस भाऊंना शोधत कंपनीत आला. मोठं काम होतं, म्हणे. मालकांनी त्याला गावचा पत्ता दिला. तो परत येऊन म्हणाला, "ते नाही म्हणतात. लक्षात राहत नाही म्हणतात." मालक म्हणाले, "हो, डोस्कं गेलं त्यायचं." मी तिथेच होते.

शिंगाडे निघायच्या दिवसांत मी बसनं आणि मग जीपनं त्यांच्या गावी गेले. भाऊ अंगणात शिंगाडे निवडत बसले होते. मला पाहून हरखले. वहिनींना हाक मारली, "आपली प्रॉम्प्टरबाई आली." त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी होती. मी पाहतेय हे पाहून वहिनी म्हणाल्या, "मीच लिवून देतो. भाजी काय आनाची, कोनाले काय सांगाचं. बाहेर निंघालो का तीनदा वापस येतेत, कुलूप लावलं का नाई पाहाले. मी दाखवतो, हे बघा, लावलं. तरी इसवास नाई."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं तं," भाऊ म्हणाले. "चंद्रपूरले. तो म्हने काई नाई झालं. पन त्याले काय मालूम? त्यानं कुठी पाह्यलं होतं ते नाटक?"

मग मी सांगितलं. बसमध्ये पाठ केलेली सगळी सुरुवात विसरले आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही चुकला नाहीत. मी वाक्य बदलून दिलं होतं. मालकांशी खोटं बोलले."

ते थांबले. पूर्वीसारखे. 

"दोनदा देल्लं होतं ना तू?"

"हो."

"आयकलं काय वं?" ते वहिनींकडे वळले, आणि त्यांचा चेहरा एकदम उघडला. "मी तुले म्हनत होतो का नाई, दोनदा आयकू आलं म्हनून! दोनदा देल्लं तिनं. माहं डोस्कं बरोबर होतं!" ते हसले, उठून अंगणात दोन चकरा मारल्या, पुन्हा बसले. मग हसू गेलं.

"कंपनीत चला," मी म्हणाले. "मी सगळ्यांना खरं सांगते. तुमचं काम तुम्हाला परत मिळेल."

"सिनेमावाल्यानं पुन्हा बलावलं तं जाईन," ते शिंगाड्यांकडे बघत म्हणाले. "तिथी आडून बोलाले कोनी राहत नाई. नाटकात नाई येत आता."

"का?"

"मी थांबत होतो ना, ते कायच्या भरोशावर? मांगं कोनीतरी बसून हाये, आपल्याले पडू देनार नाई, या भरोशावर. आता तिथी कोनीही बसो, मले तूच दिसशीन."

मी म्हटलं, मला ते वाक्य सहन होत नव्हतं. पोरींना मारात परत पाठवणारं वाक्य होतं.

 वहिनी बोलल्या. "खराब होतंच ते वाक्य. तं मालकाशी भांडाचं होतं. ज्यानं लिवलं त्याच्याशी भांडाचं होतं. त्यायले भेली तू, अन् जो तुह्यावर भरोसा ठेवून उभा होता त्याच्या तोंडात घातलं. अन् वर्सभर मी या मानसाले कुलूप दाखवून राह्यली."

माझ्यावर एवढं खरं पत्रक कोणी लिहिलं नव्हतं. वहिनींनी मला चहा दिला. जीपपर्यंत सोडायला कोणी आलं नाही, आणि यायला नकोच होतं.

दुसऱ्या दिवशी वडशाला तालीम होती. मी सगळ्यांसमोर उभी राहून काय केलं ते सांगितलं, चुलीपाशी काय बोलले तेही. मालक म्हणाले, "आता सांगून काय करू मी?" विनोदी नट माझ्याकडे पाहायला तयार नव्हता. त्या दिवशी स्टेजवर वळून तशीच उभी राहिलेली नटी तेवढी बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखरची अडचण होती.

"मंग हिच्या हातून आता वाक्य कोन घेईन?"

 मी संहिता मालकांच्या हातात दिली. त्यांनी ती दुसऱ्याला दिली आणि तालीम सुरू झाली.