पहिलं दळण कोणाचं

भांडणाचं कारण सांगायची मला अजून लाज वाटते. बुऱ्हाणपुरात आमची गल्ली आणि शेजारच्या समाजाची गल्ली एकमेकींना चिकटून आहेत. मिरवणुकीतली डीजेची गाडी वळताना त्यांच्या एका घराच्या ओट्याला घासली आणि ओट्याचा कोपरा पडला. संध्याकाळपर्यंत त्या कोपऱ्याची इज्जत झाली होती. दगड आले, दगड गेले. पहिला कोणी मारला ते प्रत्येकाला पक्कं माहीत आहे, फक्त प्रत्येकाला वेगळं. मग पोलीस आले, आणि दोन्ही गल्ल्यांच्या तोंडावर असलेल्या पिठाच्या चक्कीचं शटर खाली आलं. चक्की त्यांच्यातल्या चाचांची. मी चड्डीत होतो तेव्हापासून आमचं दळण तिथेच.

ज्यांच्या घरी भाकरी होत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ज्वारीचं पीठ साठवून ठेवत नाहीत. आठ-दहा दिवसांत ते विरी जातं, म्हणजे त्यातला चिकटपणा जातो आणि भाकरी थापतानाच चिरते. म्हणून आई दर आठवड्याला छोटा डबा दळून आणायला सांगायची. भांडणाच्या दिवशी संध्याकाळी मीच तो भरून आणला होता, म्हणून आठवडा निघाला. पुढे कोठीत वर्षाची ज्वारी आणि घरात पीठ नाही, अशी आमची श्रीमंती होती.

मी मिक्सरमध्ये ज्वारी दळून पाहिली. मिक्सर जळला, ज्वारी तशीच राहिली. दुकानातली आट्याची पाकिटं पहिल्याच दिवशी संपली होती. दुसऱ्या चक्कीवाल्यानं कुलूप लावलं आणि तो जसोंडीला सासरी जाऊन बसला. तेवढ्यात शाहपूरहून मामांनी केळी पाठवली. माल उचलायला ट्रक येत नव्हते आणि केळी काही समजूतदार नसतात, ती पिकतच होती. सगळ्या गल्लीत केळी झाली. केळीची भाजी, केळीची कोशिंबीर, केळीची भजी. पाहुणा आला की लोक दारातूनच सांगायचे, केळी आणू नका.

आईला मात्र शुगर. भात बंद, केळी बंद, तिला भाकरीचाच आधार. गोळी घेतल्यावर पोटात भाकरी नसली की तिला घाम फुटायचा आणि हात कापायला लागायचे. मग शुगर वर आणायला तिला काय द्यायचं? केळं. सकाळी मी तिच्या हातातून केळं काढून घ्यायचो आणि दुपारी तेच बळजबरीनं भरवायचो. दोनदा असं झाल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "सर, ह्या खेळात एखाद दिवस म्हातारी जाऊन राह्यली, लक्षात ठेवा." मी फार घाबरलो.

दहाव्या दिवशी शांतता समितीची बैठक झाली. चक्की उघडायची, पण भांडण नको, म्हणून एक दिवस आमचा आणि एक दिवस त्यांचा. हा तोडगा माझा. मी शाळेत शिकवतो, अक्षर चांगलं आहे, आणि ज्याचं अक्षर चांगलं त्याला अक्कलही असणार असं आपल्याकडे लोक धरून चालतात. वेळापत्रक मी स्वतः लिहून शटरवर चिकटवलं.

पहिला दिवस आमचा. मी डबा घेऊन गेलो तर वीस माणसं उभी आणि चक्की बंद. चाचा स्टुलावर बसून पेपर वाचत होते. झालं होतं असं की चक्कीच्या दोन दगडांमध्ये आधीच्या दळणाचं थोडं पीठ राहतंच, आणि ते पुढच्याच्या डब्यात येतं. एरवी लोक एवढंच विचारायचे, आधीचं गव्हाचं होतं की ज्वारीचं. आता प्रश्न वेगळा होता. आधीचं त्यांचं असलं तर?

"सर, तुम्ही टाका ना पहिले," शेजारचे काका म्हणाले. "तुम्ही तर समितीवाले."

"तुमचा नंबर आधी आहे, काका."

"मला काही जल्दी नाही. घरी केळी आहेत."

प्रत्येकाला दुसरा नंबर हवा होता. लोक अदबीनं एकमेकांना पुढे करत होते, इतकी माणुसकी आमच्या गल्लीत मी आधी कधी पाहिली नव्हती. बारा वाजता सगळे भरले डबे घेऊन घरी गेले, मीही गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांची रांग लागली आणि तीही तशीच परत गेली. निदान ह्या बाबतीत दोन्ही समाजांचं एकमत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईचे हात परत कापायला लागले. केळं भरवताना तिनं माझा हात धरला.

"काल रांगेत होतास ना, मग पीठ?"

"काल त्यांचा दिवस होता. परवा पहिलं कोणी टाकेना. त्यांचं पीठ येईल म्हणून."

आई म्हणाली, "भूक मला लागलीय, विटाळ तुला कशाचा होतोय?"

मला माझीच शरम वाटली. डबा उचलला, रांगेतल्या सगळ्यांना ओलांडून पुढे गेलो आणि चाचांना म्हणालो, "माझं टाका. पहिलं."

चाचांनी पेपरची घडी केली. पट्टा फिरायला लागला तसा त्यांनी तोच पेपर चक्कीच्या तोंडाखाली धरला, पहिलं दोन मुठी पीठ त्यात घेतलं आणि पुडी बांधून माझ्या हातात दिली.

"ये आपकी अम्मा का है."

मला कळेना.

"उस दिन शटर किसके पीछे गिराया था मैंने? आप ही तो डब्बा लेके निकले थे. उसके बाद चक्की चली ही कहाँ."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?" मी विचारलं.

"किसी ने पूछा ही नहीं, मास्टरसाहब."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती हसली नाही. परातीत आधी पुडीतलं पीठ घेतलं आणि मळून थापायला लागली. भाकरी चिरत गेली, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. मग डब्यातल्या ताज्या पिठाची दुसरी थापली. ती गोल आली आणि टम्म फुगली.

फुगलेली तिनं स्वतःच्या ताटात घेतली, तुकडे माझ्या ताटात वाढले आणि वरण ओतलं.

"ही तू खा," ती म्हणाली. "ह्यालाच घाबरत होतास ना?"