आपलं तिथं कोण आहे?

परदेशात एमबीए करायला कुठल्या देशात जायचं, हा प्रश्न बाबांनी गावकीपुढे मांडला. शहरातल्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्यांना मी गंमत करतेय असं वाटतं. पण पोलादपूरच्या डोंगरात, कुडपणच्या अलीकडे आमची वाडी आहे, तिथं घराचा चौथरा घालायचा तरी गावकीत विचारतात, मुलीला स्थळ आलं तरी विचारतात, विहिरीतला गाळ कधी काढायचा तेही विचारतात. बाबांची बरीचशी हयात मुंबईत मिठाईच्या कारखान्यात गेली. तरीही गावाला न विचारता केलेली मोठी गोष्ट त्यांना अर्धी चोरी वाटते.

खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यात काही वाईट वाटलं नाही, थोडा अभिमानच वाटला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मी रोज एसटीने महाडला जाऊन बी.कॉम. केलं. गाव माझ्या शिक्षणासाठी सतरंजीवर बसणार, ही गोष्ट लहान नव्हती.

त्याआधी आम्ही महाडला एका सल्लागाराकडे गेलो होतो. मोबाईलच्या दुकानावर त्याची खोली होती. आत गुलाबाच्या वासाचा फवारा इतका मारलेला होता की बाबा सारखे नाक चोळत होते. त्या माणसाने टेबलावर सहा देशांची पत्रकं पसरली, साडीच्या दुकानात घड्या उलगडतात तशी. माझे गुण त्याने विचारले नाहीत. पुढे काय करायचंय तेही विचारलं नाही. बाबांकडे बघून म्हणाला, "मुलीचं लग्न झालंय का? नाही ना? मग हा देश घ्या. नंतर जावईबापूंना पण इथून नेता येतं."

मी टेबलाच्या कडेकडे बघत बसले. बाबांना मात्र त्या सगळ्या बोलण्यातलं तेवढंच कळलं. जिना उतरताना म्हणाले, "सहा देश सांगितले, पण घरचं कोण कसं हाय ते एकाचं नाय सांगितलं." स्थळ बघून आल्यावर ते असंच बोलतात.

माझ्या मनात जर्मनी होतं. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं की तिथल्या सरकारी विद्यापीठांत व्यवस्थापन इंग्रजीतून शिकता येतं आणि फी जवळजवळ नसते. मी वर्षभर फोनवरून जर्मन शिकत होते, भात लावताना आकडे म्हणत होते. बाबांना हे सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा 'मला तिथंच जायचंय' हे शेवटचं वाक्य तोंडातच राहिलं.

मे महिन्यात मुंबईची माणसं गावात आली आणि देवळाच्या सभामंडपात गावकी बसली. पुरुष सतरंजीवर. बायका बाहेरच्या भिंतीला टेकून, रीतीप्रमाणे, ऐकायला. आई आणि मी तिथंच होतो. आमच्या पलीकडे खालच्या आळीतली एक वहिनी बसली होती. तिचा नवरा इंग्लंडला असतो. ती एक वर्ष तिकडे राहून आली आणि पुन्हा गेली नाही, सासूबरोबर शेती करते. तिला तिकडची थंडी मानवली नाही, असं गावात सांगतात.

आधी नळाच्या पाईपचा विषय झाला, मग माझा.

"कॅनडा नको," एकजण म्हणाला. "थंडीनं माणसं मरतात तिकडं."

"तू कवा गेलास रे कॅनडाला? पोलादपूरला जायचं तर बायकोला विचारतोस."

सगळे हसले. भिंतीकडच्या बायकाही हसल्या.

"पोरगी जर्मनी म्हणते," बाबा म्हणाले. म्हणजे माझं अर्धं बोलणं त्यांनी ऐकलं होतं तर.

"तिकडं भाषा निराळी. कोण शिवी घालतोय का जेवाय बोलवतोय, कळायचं नाय."

गावच्या मंडळाचे अध्यक्ष बाबांचे लांबचे चुलतभाऊ लागतात. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. जर्मनीत आपलं कोण हाय?"

"कोण नाय, दादा."

"मग विषय संपला. आपलं कोण नाय तिथं पोरगी द्यायची नाय."

'द्यायची' म्हणाले ते. शिकायला पाठवण्याबद्दल. कुणाला ते खटकलं नाही, आणि मला खटकलं तरी मी पदराशी खेळणाऱ्या आईकडे बघत राहिले.

"इंग्लंडला आपला माणूस हाय," अध्यक्ष म्हणाले. "राहायची सोय हाय, नजर हाय. अजून काय पाहिजे?"

तो माणूस म्हणजे त्या वहिनीचा नवरा. आम्ही बसलो होतो ती सभामंडपाची फरशी त्यानेच दिलेली. कोपऱ्यात त्याच्या नावाचा दगड आहे आणि त्यावर कुणी चप्पल काढत नाही. मी वहिनीकडे पाहिलं. ती पायाचं बोट चोळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या टाकीजवळ, जिथं रेंज मिळते तिथं, अध्यक्षांनी हात उंच करून त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो चाळिशीचा, चेहरा गोल, मागे पांढरी भिंत. "काकी, टेन्शन घेऊ नका," तो आईला म्हणाला. "माझ्या बहिणीसारखी आहे ती. कॉलेज, जॉब, रूम, सगळं मी मॅनेज करतो." आईने मान हलवली. अध्यक्षांनी माझा नंबर त्याला दिला. मला विचारून दिला असता तरी मी 'द्या'च म्हटलं असतं.

संध्याकाळपर्यंत संदेश यायला लागले. पहिला साधा होता, कॉलेजांची नावं. दुसऱ्यात फोटो मागितला. फॉर्मसाठी, पण पासपोर्टचा नको, पूर्ण उभा पाठव. तिसऱ्यात लिहिलं होतं, फोनवर नीट दिसलं नाही, अंगाने भरलीस की तशीच आहेस. मग, भाडं देऊ नकोस, जेवण बनव, बाकी आपण ॲडजस्ट करू. मग, बेडरूम एकच आहे, इकडे कुणी कुणाला विचारत नाही, गावात सांगत बसू नको.

मी फोन ओढणीला पुसला. त्याला काही लागलेलं नव्हतं, तरी पुसला. त्या दिवशी जेवताना ताटातली भाकरी उचलली तर बोटांना त्या फोनचा वास येतोय असं वाटलं आणि मी उठले.

यापुढचं मला लिहायला नको वाटतं, पण लिहिते. त्या प्रत्येक संदेशाला मी उत्तर दिलं होतं. "हो दादा." आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. दोन दिवस मी हेच करत होते. फोटो पाठवला नाही, पण 'पाठवते' असं लिहिलं. इंग्लंड ठरलेलं होतं. त्यासाठी कुणाशी भांडायचं नव्हतं, कुणाला नाही म्हणायचं नव्हतं. तिथं पोचल्यावर वेगळी खोली बघू, असं मी स्वतःला समजावत होते. त्या माणसाची किळस येते हे सांगायला सोपं आहे. त्या जोडलेल्या हातांची जास्त येते.

तिसऱ्या दिवशी आई अंगणात नाचणीचे पापड वाळत घालत होती. मी तिच्याजवळ बसून सगळं वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. मला वाटलं होतं ती तोंडावर हात ठेवेल, शिव्या देईल. ती एकेक पापड उलटत राहिली.

"त्याची बायको परत का आली असंल?" ती म्हणाली.

"थंडी मानवली नाही म्हणून."

"थंडी," आई म्हणाली आणि पुढचा पापड उलटला. "आल्यावर दोन महिनं ती कुणाच्या दारात उभी राहिली नाय. तिच्या सासूनं सगळ्यांना सांगितलं थंडी, आम्ही पण म्हणालो थंडी."

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, आता वय झालं, सुधारला असंल."

"मग त्या दिवशी देवळात का नाही बोललीस?"

"गावकीत बाया बोलतात काय गो?"

तिच्या हाताला लागलेलं पीठ तिने पदराला पुसलं. मला ते बघवेना. ही माझी आई, जिने मला कॉलेजला पाठवण्यासाठी अंगावरचं विकलं, तीच मला त्या पांढऱ्या भिंतीच्या खोलीत पाठवायला तयार झाली होती. आणि तेही केवळ बोलायची रीत नाही म्हणून. मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. पापड मात्र गोळा करायला मदत केली, कारण वारा सुटला होता.

बाबांना फोन दिला तेव्हा त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून अक्षर अक्षर वाचलं. मध्ये एका शब्दाला अडले, तो मी सांगितला नाही. वाचून झाल्यावर न्हाणीत गेले आणि बराच वेळ हात धुत राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "उद्या मुंबईची गाडी सुटायच्या आधी बसवतो सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सतरंजी घातली गेली. अर्ध्या लोकांच्या पिशव्या भरून शेजारी ठेवलेल्या होत्या. काहींना दुपारी वीर स्टेशनवरून रेल्वे गाठायची होती, ते घड्याळ बघत होते.

बाबा म्हणाले, "पोरगी इंग्लंडला जाणार नाय."

"ठरलंय ना?" अध्यक्ष म्हणाले. "त्यानं तिकडं लोकांना सांगून ठेवलंय. कारण काय?"

बाबांच्या ओठांची हालचाल होत होती, पण शब्द बाहेर येत नव्हता. तोच आजार मला आहे. मी भिंतीपासून उठले आणि उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले.

"त्यांनी मला काही लिहिलंय," मी म्हणाले. "मी वाचून दाखवते."

"ऱ्हाऊ दे गो बाय," अध्यक्ष पटकन म्हणाले. "बायकांसमोर वाचू नको."

काय लिहिलंय ते मी अजून सांगितलंच नव्हतं. बाबाही बोलले नव्हते. सतरंजीवर बसलेल्या एकानेही 'काय लिहिलंय' म्हणून मान वर केली नाही. कुणी पिशवीची गाठ तपासत होता, कुणी फरशीकडे बघत होता. लहानपणी यांनी मला खांद्यावर बसवून पालखी दाखवली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. टाकीजवळ हात उंच करून ज्यांनी फोन धरला होता त्या अध्यक्षांनाही. मला वाटलं मी त्या चकचकीत फरशीवरच ओकणार.

तेवढ्यात मागून आवाज आला. "वाच."

ती वहिनी होती. भिंतीला टेकूनच बसलेली, मान खाली. तिची सासू तिच्या दंडाला धरत होती.

"बायांनी मधे बोलू नये," कुणीतरी म्हणालं.

"वाच गो," वहिनी पुन्हा म्हणाली, त्याच आवाजात.

मी वाचलं. फोटोचा संदेश वाचला, अंगाचा वाचला. एका बेडरूमचा मात्र मी पूर्ण करू शकले नाही. एक म्हातारे खाकरले. बाहेर कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, त्याला आईने उचललं. एवढंच झालं. त्या माणसाबद्दल कुणी एक वाकडा शब्द काढला नाही. फोन लावून त्याला जाब विचारू असं कुणी म्हटलं नाही. वहिनीकडे तर कुणी पाहिलंच नाही.

अध्यक्षांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मग आता काय? जर्मनी?"

"जर्मनी," बाबा म्हणाले.

"पण तिथं आपलं कोण हाय?"

"कोण नाय."

"मग?"

"म्हणूनच," बाबा म्हणाले आणि उठून उभे राहिले.

गावकी चालू असताना मधूनच उठायची आमच्याकडे रीत नाही. बाबा उठले, चपला घातल्या आणि आम्ही तिघं घरी आलो. मागे पाईपचा विषय पुन्हा निघाला होता, तो वळणापर्यंत ऐकू येत होता.

बाबांनी माझ्यासाठी एवढं केलं, याचा आनंद व्हायला हवा. होतो, पण पूर्ण होत नाही. तो माणूस अजून तिथंच आहे, त्याचा दगड कोपऱ्यात आहे आणि पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या कुणाच्या मुलीसाठी 'आपला माणूस' शोधायचा होईल तेव्हा सतरंजीवर हीच माणसं बसलेली असतील. म्हणून वाडीतल्या ज्या दोन मुली बारावीला आहेत त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आले. एकीच्या आईने चहा दिला. म्हणाली, "आम्हाला ठाऊक हाय तो कसा हाय." मी चहा न पिता उठले. चूक केली असेन.

सध्या महाडला मैत्रिणीच्या खोलीवर बसून अर्ज भरते आहे. एका रकान्यात विचारलंय, शिक्षणासाठी हाच देश का निवडला, पाचशे शब्दांत लिहा. मी तिथल्या मध्यम आकाराच्या कारखान्यांबद्दल लिहिलं, घराण्यांनी चालवलेल्या उद्योगांबद्दल लिहिलं, आमच्या भागातल्या काजू आणि कोकमाच्या धंद्याला त्याचा काय उपयोग होईल तेही लिहिलं. खोटं यातलं काहीच नाही. मॅडमनी वाचून छान झालंय म्हटलं. मी पुन्हा वाचलं तर ते त्या गुलाबाच्या फवाऱ्याच्या खोलीतल्या पत्रकासारखं वाटलं. सगळं पुसून पहिल्या ओळीत लिहिलं, "या देशात माझ्या ओळखीचं कोणीही नाही." बराच वेळ बघत बसले. मग ती ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली कारखान्यांचं लिहायला घेतलं.