कानातली जागा

कल्पना करा, तुम्ही रंगमंचावर उभे आहात. गळ्यात बास गिटार आहे, म्हणजे चार जाड तारांचं ते वजनदार प्रकरण, ज्याचा आवाज कानापेक्षा आधी पोटात पोचतो. समोर तुडुंब गर्दी ओरडते आहे, पण तुम्हाला त्यातलं फारसं काही ऐकू येत नाही, कारण दोन्ही कानांत मापाने बनवलेले घट्ट बोळे बसवले आहेत. त्यांतून जे येईल तेच तुमचं गाणं. त्यात कोण किती मोठ्याने वाजावं हे तुम्ही सांगायचं: ड्रम थोडे वर, गिटार थोडी खाली, स्वतःचा आवाज बेताचा. शेजारच्याच्या कानात मात्र वेगळंच मिश्रण चालू असतं, त्याने त्याच्या सोयीने मागितलेलं. गाणं एक असतं, पण प्रत्येक जण ते निराळं ऐकत असतो. आणि दुसऱ्याच्या कानात आपण किती मोठे आहोत, हे कोणी कोणाला विचारत नाही.

खर्ज्यानेही विचारलं नव्हतं. त्याला ते चुकून दिसलं.

गाण्यातल्या सगळ्यांत खालच्या सुरांना खर्ज म्हणतात. हा गडी वयाच्या सतराव्या वर्षापासून त्याच सुरांत मुक्काम करून होता, म्हणून बँडमध्ये त्याचं नाव खर्जा पडलं. बँड त्याच्या धाकट्या बहिणीचा. पोस्टरवर तिचा चेहरा, तिचं नाव, बाकीचे मागे. बाकीचे तिला ताई म्हणत, आणि खर्जा एकटाच ‘छोटे’ म्हणून हाक मारी. पोस्टरचं त्याला कधी काही वाटलं नाही. उलट, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर थापा मारून तिला एक-दोन-तीन-चार मोजायला त्यानेच शिकवलं होतं, हे तो अनोळखी माणसालाही दुसऱ्या वाक्यात सांगायचा.

दौऱ्यावरचं आयुष्य लोकांना वाटतं तसं झगमगीत नसतं. त्यात वाट बघणं फार. गाडीत वाट बघा, हॉटेलात खोलीची वाट बघा, सभागृहाच्या मागच्या दारापाशी, जिथे कचऱ्याची पिंपं ठेवलेली असतात, कुलूप उघडणाऱ्याची वाट बघा. गाणं त्या मानाने चिमूटभर. त्या रिकाम्या वेळाचं करायचं काय, म्हणून खर्ज्याला छंद लागत आणि गोवर यावा तसे येऊन जात. एका दौऱ्यात दोरीच्या गाठी. गाडीतली एकेक पाण्याची बाटली त्याने अशी बांधून ठेवली की तहान लागली तर आधी कात्री शोधावी लागे. मग पक्षी. त्यासाठी दुर्बीण आली, आणि एका दुर्मीळ पांढऱ्या पक्ष्यासाठी गाडी भर रस्त्यात थांबवली गेली. तो पक्षी म्हणजे झाडात अडकलेली पिशवी निघाली. त्यानंतर लाकूडकाम. छोट्या पटाशीने तो प्राणी कोरू लागला. पाणघोडा छान जमत आला होता. डावा कान राहिला होता फक्त. पटाशी सटकली आणि डाव्या हाताच्या तर्जनीत घुसली. नेमकं तारा दाबायचं बोट.

“दादा,” टाके घालून तो बाहेर आला तेव्हा बहीण म्हणाली, “पुढचा छंद बिनधारेचा घे.”

बोट बरं होईपर्यंतच्या कार्यक्रमांसाठी दुसरा बासवाला बोलावला. तो पाहुणा.

खर्जा परत आला तेव्हा पाहुणा गाडीतच होता. बोटाचा अजून भरवसा नाही, ऐनवेळी दुखलं तर कोणीतरी असावं, म्हणून आणखी दोन गावं त्याला ठेवून घेतलं होतं. खिडकीजवळच्या सीटवर, म्हणजे खर्ज्याच्या सीटवर, त्याची मानेची उशी होती.

“बसा ना दादा, तुमचीच जागा ही,” म्हणत त्याने उशी लगेच उचलली.

हे पहिलं दुखणं. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. पण पाहुणा उठून जागा द्यायचा, सगळ्यांसाठी चहा आणायचा, कोणाला साखर नको हे लक्षात ठेवायचा. शिवाय ‘दादा’ म्हणायचा. दादा म्हणायला या गाडीत एकच माणूस होतं, असं खर्ज्याला वाटे. पण ते बोलून दाखवणार कसं?

वळणावर गाडीने गचका खाल्ला आणि ड्रमर ओरडला, “बदक!”

सगळी गाडी खदखदून हसली. बहीण तर डोळे पुसत होती.

“काय बदक?” खर्ज्याने हसऱ्या चेहऱ्याने विचारलं.

“अरे ते... तू नव्हतास ना,” ड्रमर म्हणाला. “सांगून मजा नाही रे. तिथे असायला हवं होतंस.”

“सांग की.”

“दादा, खरंच काही नाहीये त्यात,” बहीण म्हणाली आणि पाहुण्याकडे बघून पुन्हा फिसकन हसली.

खर्जा खिडकीबाहेर बघत बसला. आपण नसताना या लोकांनी उदास वगैरे राहावं अशी त्याची अपेक्षा नव्हती. पण इतकं सुखात असायची काय गरज होती?

यामागे खरी काळजी वेगळी होती. दौरा संपला की नव्या गाण्यांचं रेकॉर्डिंग सुरू होणार होतं, आणि बास कोण वाजवणार याबद्दल बहीण चकार शब्द काढत नव्हती. याआधी तो प्रश्नच कधी निघाला नव्हता. आता गाडीत दोन बासवाले होते, आणि तिचं गप्प राहणं खर्ज्याला प्रत्येक घासाला खड्यासारखं लागत होतं.

त्या गावी कार्यक्रम दुपारचा होता. सकाळी आवाज तपासताना खर्ज्याच्या उजव्या कानात गुणगुण यायला लागली, म्हणून तो रंगमंचाच्या कडेला कानवाल्याकडे गेला. हा चाळिशी उलटलेला, जाड चष्म्याचा माणूस. सगळ्यांच्या कानांत काय जायचं ते याच्या टेबलावरून जाई. समोरच्या पडद्यावर प्रत्येकाचं एक पान, आणि त्या पानावर बाकीच्यांचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे वर-खाली सरकणारे खटके.

पडद्यावर बहिणीचं पान उघडं होतं. तिचा स्वतःचा आवाज वर. ड्रम वर. गिटार मध्यावर. आणि बास अगदी तळाला, जवळजवळ बंद.

“अरे, हे बिघडलंय का?” खर्ज्याने बोट दाखवलं.

कानवाल्याने चष्मा वर सारला. “कुठे काय बिघडलंय? ताईंना असंच लागतं.”

“आजपासून?”

“नाही हो. नेहमीच.”

“आणि...” खर्ज्याने आवाज अगदी सहज ठेवला, “हा आपला पाहुणा वाजवत होता तेव्हा?”

कानवाल्याला खोटं बोलता येत नसे. ते बोलायची वेळ आली की तो वायरी गुंडाळायला लागे. त्याने एक वायर उचलली. “तेव्हा जरा वर होता.”

“जरा म्हणजे किती?”

“कशाला त्यात पडता?”

“दाखव ना. सेव्ह असेल की.”

कानवाल्याने नाइलाजाने मागच्या गावचं पान काढलं. बासचा फेडर झरकन वर सरकला आणि ड्रमच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून थांबला.

खर्ज्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या स्वतःच्या कानात बहिणीचा आवाज सगळ्यांत वर असायचा, पहिल्या दिवसापासून. स्वतःचा बास कमी ऐकू आला तरी चालेल, पण तिचा श्वाससुद्धा कळला पाहिजे, असं त्याने कानवाल्याला सांगून ठेवलं होतं. आणि तिच्या कानात तो? भाडं थकलेला भाडेकरूही इतका दाराबाहेर उभा नसेल.

“वर कर तो,” तो म्हणाला.

“छे छे. दुसऱ्याच्या कानात हात घालायचा नसतो. ताईंनी सांगितलं तर करीन.”

“मी सांगतोय ना. मोठा भाऊ आहे मी तिचा.”

“घरी,” कानवाला म्हणाला आणि खर्ज्याची गुणगुण दुरुस्त करून चहाला गेला.

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं ते तुम्हाला माहीत आहे, खर्ज्यालाही माहीत होतं. तरी त्याने इकडेतिकडे पाहिलं, बहिणीचं आजचं पान काढलं आणि बासचा फेडर वर नेला. पाहुण्याचा जिथे होता बरोब्बर तिथे. मनाशी म्हणाला, एकदा नीट ऐकू दे तिला, मग बघू पाहुण्याची काय मजल आहे.

कार्यक्रम सुरू झाला. पहिलं गाणं जलद, बास त्यात पुढे धावणारा. बोट बिलकुल दुखत नव्हतं. खर्जा जीव तोडून वाजवत होता. पाहुणा पडद्यामागे हाताची घडी घालून उभा होता, आणि त्याला दिसेल असं खर्जा वाजवत होता. बहिणीने पहिली ओळ उचलली तेव्हा तिने दचकून कानाला हात लावला. ऐकलंस ना, खर्ज्याच्या मनात आलं, ऐक आता.

आणि मग गाणं पळायला लागलं.

आधी थोडंसंच. बहीण दुसऱ्या ओळीत अर्ध्या पावलाने लवकर आली. तिसरीत आणखी. ड्रमर मान वर करून डोळे वटारत होता. तो आपल्या जागी घट्ट होता आणि गाणं त्याच्या पुढे निघून चाललं होतं. खर्ज्याला वाटलं, छोटी आज घाई का करते आहे? तो तिच्यासोबत राहायला गेला, ती आणखी पुढे गेली. कडव्याच्या तोंडाशी ड्रमचा ठोका पडला तेव्हा ती शब्द संपवून मोकळी झाली होती. क्षणभर रिकामी जागा पडली. लोकांना वाटलं, मुद्दामच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बहिणीने गाता गाता हात उंचावला. एक बोट मागे खर्ज्याकडे रोखलं, मग तेच बोट जमिनीकडे नेलं. एकदा. दोनदा. पुढच्या रांगेतल्या मुलींनी नाचाचा हातवारा समजून तो लगेच उचललाही. ती खूण खर्ज्याने हजार वेळा पाहिली होती, गिटारसाठी, कीबोर्डसाठी. हा जास्त होतोय, याला खाली घ्या. कडेला कानवाल्याने पडद्याकडे पाहिलं, मग खर्ज्याकडे, आणि फेडर तळाला नेला.

दोन ओळींत गाणं ताळ्यावर आलं.

उरलेला कार्यक्रम कसा झाला ते खर्ज्याला विचारू नका. बोटं आपली वाजवत होती.

मागच्या खोलीत बहिणीने टॉवेल गळ्यात टाकला, बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि दार लोटलं. “माझ्या कानात कोणी हात घातला?”

“मी.”

“का?”

“पाहुण्याला वर ठेवतेस आणि मला खाली. का ते तू सांग.”

ती खुर्चीत बसली. थोडा वेळ टॉवेलची किनार बोटाला गुंडाळत राहिली. “दादा, तू घाई करतोस.”

“काय?”

“तू तालाच्या पुढे पळतोस. थोडंसंच. बाहेर ऐकणाऱ्याला छान वाटतं, गाण्याला जोर येतो. पण कानात मोठ्याने आलं की मी तुझ्या मागे जाते. आज गेले ना? लहानपणापासून तुझ्या मागे जायची सवय आहे मला. म्हणून तुला खाली ठेवते आणि ड्रम धरून गाते.”

“आणि तो?”

“तो नवा होता. नवीन माणसावर लक्ष ठेवावंच लागतं. मग ठेवलं, तर...” ती थांबली. “तर बरं वाटलं. बासवर टेकून गाता येतं हे मला माहीतच नव्हतं.”

आज फसलेलं गाणंही खर्ज्याला इतकं झोंबलं नव्हतं. “केव्हापासून पळतोय मी?”

“पहिल्यापासून.”

“मोजायला तुला कोणी शिकवलं गं?”

“तूच. आणि तुझ्या मोजण्यात मला भराभर खावं लागायचं, भराभर चालावं लागायचं.” ती हसली, पण तो हसला नाही. मग खाली बघत म्हणाली, “रेकॉर्डिंगचं आजच सांगते. जलद गाणी तू वाजव. संथ गाणी त्याला देतेय.”

“सगळी संथ?”

“हो.”

“आपलं पहिलंसुद्धा?”

ते गाणं दोघांनी मिळून केलं होतं, घरी, आई झोपली असताना, हळू आवाजात. नव्याने रेकॉर्ड करायच्या यादीत ते होतं. बहिणीने मान हलवली. हो, तेसुद्धा.

“इतकी वर्षं बोलली का नाहीस?” खर्ज्याने विचारलं.

“बोलले असते तर तू सोडून गेला असतास.” तिने ते इतक्या पटकन सांगितलं की उत्तर फार दिवस तयार असावं. तेवढ्यात बाहेरून हाका आल्या, लोक फोटोसाठी थांबले होते. तिने टॉवेल त्याच्या हातात दिला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. खर्ज्याच्या फोनवर ठोके मोजणारं अ‍ॅप होतं. त्याने ते लावलं आणि तो त्याबरोबर मांडीवर बोटं आपटत बसला. बोटं ठोक्याच्या आधी पडत होती. त्याने मुद्दाम उशीर केला. दोन-चार ठोके जमलं, पुन्हा बोटं पुढे. पलीकडच्या सीटवर पाहुणा मान टाकून झोपला होता, उशीवर, निवांत. झोपेत त्याचा पाय हलत होता. खर्ज्याने नको नको म्हणत तो पाय ठोक्याशी ताडून पाहिला. जमत होता. मेल्याचा झोपेतसुद्धा जमत होता.

बहीण पुढून उठून त्याच्याशेजारी येऊन बसली. “बोट कसं आहे?”

“बरं आहे.”

“रागावलायस?”

“नाही.”

तिने डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं आणि डोळे मिटले. लहानपणीसारखी ती लगेच झोपते, हे त्याला ठाऊक होतं. विचारायचं तर आत्ताच. शब्द अगदी ओठांवर होते, आणि पुढच्या सगळ्या गावांत ते तिथेच राहिले: छोटे, मी सोडून गेलो असतो, तर तुझा बासवाला गेला म्हणून वाईट वाटलं असतं, की फक्त दादा गेला म्हणून?